प्लगवरचं कुंकू

मी शिक्षक चांगला होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात ते कुठे दिसायचं नाही, म्हणून. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो, आणि वीज हा माझा हातखंडा धडा होता. पुस्तकात विद्युतधारा, विद्युतदाब, रोध असे शब्द असत. पोट्टे या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरायचे, करंट. 'सर, करंटानं माणूस चिपकते का फेकल्या जाते?' हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारायचाच. आणि दरवर्षी मी त्याच्यावर डाफरायचो, की आधी ओहमचा नियम सांग, मग काय चिपकायचं ते चिपक.

ओहमचा नियम मी असा शिकवायचो की विसरायची सोय नसे. शाळेच्या कपाटात एक मल्टिमीटर होता. एकाला पुढे बोलवायचं आणि मीटरच्या दोन तारांची टोकं त्याच्या दोन हातांत द्यायची. हात कोरडे असले की काटा जेमतेम हलायचा, म्हणजे अंगाचा रोध भरपूर. मग त्याला माठापाशी पाठवून हात ओले करून यायला सांगायचं. ओल्या बोटांनी टोकं धरली की काटा सर्रकन सरकायचा. रोध कमी झाला, आता दाब तोच ठेवला तरी धारा वाढणार. पायात चप्पल आहे की नाही, खालची जमीन कोरडी की ओली, हेही त्याच हिशेबात येतं, असं मी फळ्यावर माणूस काढून दाखवायचो. सांगायचं काही बाकी ठेवायचो नाही. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही, आणि या गोष्टीतलं सगळ्यात वाईट तेच आहे.

आमचं घर विणकरांच्या मोहल्ल्यात होतं. मी कॉलेजात जायच्या आधीच वडील गेले आणि त्यांच्या मागावर माय बसली. आमच्याकडे बाया कांड्या भरायच्या, सूत उकलायच्या, पण मागावर पुरुष बसायचा. भावकीतले लोक बोलले. माय म्हणाली, 'बोलू दे गा. त्यायचं तोंड दुखलं का बसतीन चूप.' रेशमी काठाची लुगडी विणून तिनं मला बी.एस्सी. केलं, माझं लग्न लावलं, आणि मला नोकरी लागल्यावरही ती मागावरून उठली नाही. मी एकदोनदा म्हणून पाहिलं, की माय, आता पुरे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तिचा माग खड्ड्याचा होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, अनवाणी पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. खोलीची जमीन मातीची, शेणानं सारवलेली. त्या खोलीत चप्पल चालायची नाही. एकदा शिक्षणाधिकारी घरी आले होते, त्यांनाही तिनं उंबऱ्यापाशी बूट काढायला लावले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसले आणि मोज्यांवर आत येऊन माग बघून गेले.

तिचा सगळा हुन्नर उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात होता. ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, धागा तुटला की ती वाकून बघायची नाही. शेकडो धाग्यांवरून बोट फिरवायची, तुटलेलं टोक बरोबर सापडायचं, चिमटीत धरून पीळ द्यायची की झाला सांधा. साठीला आली होती, डोळे अधू झाले होते, पण चष्मा घ्यायला तयार नव्हती. 'माह्ये डोळे बोटात आहेत,' म्हणायची. ती बढाई नव्हती, खरंच तसं होतं.

कूलर मी घेतला तो तिच्यासाठी. आमच्या उन्हाळ्यात घामसुद्धा टिकत नाही, इतकी हवा कोरडी. त्या हवेत सूत कडक होतं आणि तटातट तुटतं. एप्रिल-मेमध्ये मायचा दिवस विणण्यात कमी आणि सांधण्यात जास्त जायचा. मी इतवारीतल्या एका पत्रेवाल्याकडून पेटी बनवून घेतली, तिला तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या बसवल्या, आणि रामदासपेठेतल्या एका बंगल्यातून निघालेली जुनी मोटर पंख्यासकट मिळवली. सगळं जोडकाम मी स्वतः केलं. मागाच्या खोलीच्या खिडकीत तो कूलर बसला, ओल्या वाळ्याचा वास सुटला, आणि माय धोटा फेकता फेकता म्हणाली, 'बाबू, सूत नरम लागून राहिलं गा.' माझ्या शिक्षणाचा तिला झालेला तो पहिला उपयोग असावा. मी हवेत होतो.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, 'कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात.'

नागपुरात हे ऐकून कोणी दचकत नसे. पत्र्याची पेटी, आत पाणी, आत मोटर, कूलर थोडाफार चावणारच असं लोक धरूनच चालायचे. घरोघरी कूलरपाशी एक रबरी चपलांचा जोड ठेवलेला असायचा. पाणी भरायचं, ताटी सारखी करायची, तर तो जोड पायात सरकवायचा. मीही आणून ठेवला, आणि रबराचा रोध किती असतो यावर बायकोला एक भाषणही दिलं. माय म्हणाली, 'मागापाशी चप्पल मी घालत नाही.' मी म्हणालो, अगं ही चालायची चप्पल नाही, कूलरची आहे. ती म्हणाली, 'पायात घातली का चप्पलच हाय ते.' आणि कूलरला पाणी तीच टाकायची, कारण बायकोला तेव्हा दिवस होते आणि माय तिला बादली उचलू देत नव्हती.

मी टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे पेचकसाच्या मुठीत बसवलेला एक इवलासा दिवा आणि त्याच्यासोबत एक रोधक. तो रोधक इतका मोठा असतो की टेस्टर तारेला लावून दुसऱ्या टोकाला बोट ठेवलं तरी अंगातून नावापुरती धारा जाते. तेवढ्यानं दिवा लागतो आणि माणसाला काही होत नाही. मी तो पेटीच्या पत्र्याला टेकवला. दिवा लागला. मोटरच्या आतल्या तारेचं वेष्टन एका टोकाशी खराब झालं असणार आणि वीज पत्र्यात उतरत असणार, हे मला तिथल्या तिथे कळलं.

आमच्या गल्लीत एक वायरमन राहायचा. सातवी नापास, पण अर्ध्या मोहल्ल्याचं फिटिंग त्यानं केलेलं. तो खिडकीतून बघत होता. म्हणाला, 'मास्तर, मोटर बदला. नाही तर अर्थिंग तरी करून घ्या. गड्डा खोदून देतो, कोळसा-मीठ टाकू, तार पेटीला बांधून टाकू. पत्र्यात आलेला करंट सरळ जमिनीत जाईन.'

तो बोलला ते शब्दन् शब्द खरं होतं. पण दारात चार लोक उभे होते, आणि अर्थिंग म्हणजे काय ते मला सातवी नापास माणूस समजावून सांगतोय, हे माझ्या पचनी पडेना. मी म्हणालो, 'बघू, पावसाळ्यात जमीन नरम झाली की खोदू.' तो म्हणाला, 'पावसाळ्यात कूलर कोण लावते मास्तर?' लोक हसले. मी आत निघून गेलो. माझा राग नाकावर असतो, आणि तो राग नेहमी चुकीच्या माणसावर निघतो, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी माझी अक्कल चालवली. आमच्या घरात प्लग लावायची एकच जागा होती, दोन भोकांची. दुपारी तिथे कूलर लागायचा, संध्याकाळी रेडिओ. दोन पिनांचा प्लग सुलटाही जातो आणि उलटाही. मी प्लग काढला, फिरवून पुन्हा लावला आणि टेस्टर पत्र्याला टेकवला, तर दिवा विझलेला. कारण साधं होतं. मोटरचं खराब टोक आधी जिवंत तारेकडे येत होतं, आता ते दुसऱ्या, थंड तारेकडे गेलं. दोष तसाच होता, फक्त तो आता चावत नव्हता. मी पत्र्यावर पूर्ण पंजा ठेवला. काही नाही. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून तिचाही हात त्यावर ठेवायला लावला.

आता प्लग रोज याच बाजूनं लागला पाहिजे, म्हणून खूण हवी होती. हाताशी बायकोची ओल्या कुंकवाची बाटली होती. काळ्या प्लगच्या एका बाजूला मी ठसठशीत टिकली काढली. सुकल्यावर ती घट्ट बसली. 'कुंकू वर,' मी दोघींना सांगितलं. 'प्लग लावताना कुंकू वर राहिलं पाहिजे, बस.' माय म्हणाली, 'बरं.' काहून, कशासाठी, तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तिला काय कळणार आहे, असं मला वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं.

तो उन्हाळा निभावला. शाळेत मी स्टाफरूममध्ये ही युक्ती सांगितली आणि दोघांनी घरी जाऊन करून पाहिली. वायरमन भेटला की मी मुद्दाम विचारायचो, 'काय, गड्डा खोदायचा का?' तो नुसता मान हलवायचा. पावसाळा लागला तसा कूलर पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला. दिवाळीच्या आधी मुलगी झाली. माय तिला मांडीवर घेऊन मागावर बसायची, आणि अर्थिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या वर्षी गुढीपाडवा झाला आणि मी कूलर खाली काढला. पेटी पुसली, मोटरीला तेल दिलं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, आणि आंघोळीला गेलो. आमच्याकडे वर्षाचं काम सुरू करताना हत्याराची पूजा व्हायची. माग, धोटा, सूत उकलायचा चरखा, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. मायनं त्यात कूलरही धरला. तोही तिच्या विणण्याच्या कामाचाच. पेटीला हळदकुंकू लागलं, वर एक फूल बसलं. मग तिचं लक्ष प्लगकडे गेलं. त्यावरची गेल्या वर्षीची टिकली तिला दिसली. तिच्या लेखी ती पूजेचीच टिकली होती. मास्तर असला तरी पोरगा आपल्या रीतीनं वागला, याचं तिला वर्षभर बरं वाटत आलं होतं, हे मला फार नंतर कळलं. ती टिकली एकाच बाजूला होती. अर्धवट पूजा तिला कशी चालणार? सुनेची ओल्या कुंकवाची बाटली घेऊन तिनं जुनी टिकली उजळली आणि दुसऱ्या बाजूलाही तशीच एक काढली.

दुपारी मी प्लग हातात घेतला. कुंकू वर होतं. प्लग लावला, बटण दाबलं, पंखा फिरला. टेस्टर माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि सदरा खुंटीला, दोन पावलांवर. पाहायला हवं होतं. पण कुंकू वर होतं ना. मी पेपर घेऊन पुढच्या खोलीत आडवा झालो.

थोड्या वेळानं बादली पडल्याचा आवाज आला. ओरडणं नाही, काही नाही, नुसती बादली. त्यापाठोपाठ बायकोनं मला हाक मारली, तशी हाक तिनं आधी कधी मारली नव्हती. मी धावलो. माय कूलरपाशी ताठ उभी होती, उजव्या हातानं ताटीजवळची पत्र्याची कड धरलेली, पाय सांडलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत. डोळे उघडे. हात सुटत नव्हता. करंट लागला की स्नायू आखडतात आणि धरलेलं सोडता येत नाही, हे मी पंचवीस वेळा शिकवलं असेल. मी तिला ओढायला थेट हात पुढे केला. सगळं शिकलेलं त्या क्षणी कुठे गेलं, देव जाणे. बायकोनं मला शिवू दिलं नाही. तिनं तारेला हिसका दिला, प्लग निघाला, आणि माय माझ्या अंगावर कोसळली.

ती वाचली. बायको शेजारच्याच खोलीत होती आणि तिनं लगेच तार ओढली, म्हणून वाचली. सरकारी दवाखान्यात तिला काही दिवस ठेवलं. छातीचं काही नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जिथे कडेला चिकटलं होतं तिथे भाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल. ती भरलीही. मी रोज शाळेतून थेट तिथे जायचो आणि पट्टी बांधलेला हात धरून बसायचो. ती म्हणायची, 'जा गा घरी, पोट्टी रडत असंन.'

प्लगच्या दोन्ही बाजूंचं कुंकू मी पहिल्याच संध्याकाळी पाहिलं होतं. घरी येऊन तो उचलला, फिरवून बघितला, आणि तिथेच खाली बसलो. बायकोनंही पाहिलं.

माय घरी यायच्या आदल्या दिवशी वायरमन न बोलावता आला. खिडकीखाली त्यानं खड्डा खोदला, कोळसा आणि मीठ थरावर थर घातलं, तांब्याची पट्टी पुरली, तार आणून पेटीला कसली. मोटरही दुसरी बसवली. मी कोळशाची टोपली धरून उभा होतो. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे उपकार मानले असते. जाताना एवढंच म्हणाला, 'उन्हाळ्यात गड्डा सुकते मास्तर. आठ दिवसांनी एक बादली पाणी टाकत जा.'

माय मागावर बसली ती जखम पुरती सुकल्यावर. मी मुद्दाम घरी थांबलो होतो. खटक, खटक, धोटा दोन-चार वेळा इकडून तिकडे गेला आणि धागा तुटला. तिनं सवयीनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डावा हात आणला. मग वाकून, डोळे बारीक करून बघू लागली. तुटलेलं टोक तिच्या बोटाखाली होतं, मला दारातून दिसत होतं, आणि तिला ते लागत नव्हतं. त्या दोन बोटांच्या नव्या कातडीला काहीच कळत नव्हतं, सूतही नाही आणि रेशीमही नाही. अंगठ्यावर ती धागा घासत राहिली. बराच वेळ घासला. मग माग तसाच ठेवून वर आली आणि मुलीला घेऊन अंगणात जाऊन बसली. त्यानंतर पुढच्या महिनाभरात तिनं तीनदा बसून पाहिलं असेल. चौथ्यांदा बसली नाही. लोकांना सांगायची, 'कंटाळा आला बाई आता, किती विणू?' मागावरचं अर्धं लुगडं शेवटी दुसऱ्याकडून पुरं करून घेतलं.

मी तिला खरं सांगायचं ठरवलं होतं. रोज ठरवायचो. एका दुपारी मोहल्ल्यातल्या दोन बाया तिला भेटायला आल्या, मी तिथेच बसलो होतो, आणि एकीनं विचारलं, की असं कसं झालं वं, घरात एवढा शिकलेला पोरगा असून? मायनं मला बोलू दिलं नाही. म्हणाली, 'त्याची काही चूक नाही. त्यानं सारं बरोबर केलं होतं. प्लगाले खुणेचं कुंकू त्यानं एकाच अंगाले लावलं होतं, मीच येडी, दुसऱ्या अंगाले लावून बसली. आपल्याले काय समजते त्यातलं.' म्हणजे तिनं सुनेकडून सगळं काढून घेतलं होतं. बायांनी मान डोलावली आणि विषय दुसरीकडे गेला.

त्या गेल्यावर मी तिच्यापाशी बसलो. म्हणालो, माय, तसं नाही ते. आणि मग मी तिला शिकवायला लागलो. मोटर, वेष्टन, जिवंत तार, थंड तार, पत्र्यात उतरणारी वीज, जमिनीत नेणारी तार, ओल्या पायांचा रोध. माझी चूक झाली, हे तीन शब्द सोडून मी सगळं बोललो. शब्द माझ्याकडे भरपूर होते, धडा पाठ होता. ती माझ्या तोंडाकडे बघत शांतपणे ऐकत होती, आणि डाव्या हातानं उजव्या हाताची ती दोन बोटं चोळत होती.

माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, 'म्हणजे मी दुसरा टिळा लावला, म्हणूनच झालं ना?'

विज्ञानाच्या हिशेबानं ते खोटं नव्हतं. मी तिच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणालो, 'हव.'